वाकलेली रेघ

आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी आशेनं वाचत बसायला नको. कापगते सरांचं पुढं काही चांगलं झालं नाही. माझ्या खानावळीत जेवून गेलेल्या पोरांपैकी कितीतरी जण आज मोठे झाले आहेत. एक तर जहाजावर आहे, दिवाळीला फोन करतो. लोक म्हणतात, मावशी, लिहायचंच तर त्यांच्यावर लिहा. पण त्यांचे चेहरे मला आठवावे लागतात. कापगते सरांचं तसं नाही. वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवला की ते आपसूक समोर येऊन बसतात आणि बोलायला लागतात.

खानावळ कामठ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला होती, गोंदिया संपता संपता. पुढं एक खाजगी इंजिनीअरिंग कॉलेज, मागं राइस मिलांची रांग. कॉलेजचे मास्तर आणि पोरं माझ्याकडं जेवत. मी स्वतः चौथीनंतर शाळा पाहिली नाही. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, मग वाचनालयात. तेव्हा कॉम्प्युटरबद्दल जे काही खाली येईल ते सरांच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्यात चूक सापडली तर ती माझ्या कानांची समजा. सरांच्या नावावर एक चूक आहे, तेवढी पुरे.

सर तिरोड्याकडचे, चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावचे. घर कोहळी जातीचं. म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांनी आपल्या भागात गावोगाव तलाव बांधले, त्यांच्यातलं. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलची लहान पट्टी, आणि बोलणं असं की घास हातात धरून ठेवायचे, तो वाळून जायचा, तरी गोष्ट संपायची नाही. मी म्हणायची, "सर, आधी गिळा जी, मंग सांगा." ते म्हणायचे, "हाव, हाव," आणि घास तसाच हातात ठेवून पुढं सुरू.

गोष्ट नेहमी एकच. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी पोळ्या लाटत होते.

"मावशी, पयले कॉम्प्युटरच्या डोक्यात एकच माणूस बसून काम करे. आता त्याच डोक्यात चार बसवले, आठ बसवले. त्याले कोअर म्हणतात. मंग काम आठपट लवकर व्हाले पायजे का नाही?"

"व्हाले पायजे."

"होत नाही!" असं म्हणून ते इतके खुशीत हसले की मला वाटलं, लॉटरीच लागली.

"काऊन होत नाही?"

"तेच तर शोधून राहिलो ना जी!"

हा शोध म्हणजे त्यांची पीएचडी. कोअर वाढवले तर एखादं काम नेमकं किती लवकर होईल, कोणतं काम वाटून द्यावं आणि कसं, हे प्रोग्राम लिहायच्या आधी नुसत्या कागदावर सांगता आलं पाहिजे, असा त्यांचा ध्यास. असं सांगणाऱ्या हिशेबाला ते मॉडेल म्हणत. जगात अशी मॉडेलं पुष्कळ आहेत म्हणे, पण सरांना त्यातलं एकही पुरतं पटलेलं नव्हतं. ते स्वतःचं करत होते. कॉलेजात नोकरी कंत्राटी, दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर. पीएचडी झाली तर कायम होतील हे सगळ्यांना माहीत होतं, पण कायम होण्याची गोष्ट सरांनी स्वतःहून कधी काढली नाही. आपलं मॉडेल खरं निघावं, एवढंच त्या माणसाचं देवाकडं मागणं होतं. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "मॉडेल होऊ द्या, मावशी." आजारी पडले तर डॉक्टरकडं जायचं तेही मॉडेल झाल्यावर.

एकदा मला विचारलं, "तुमच्याजवळ दोन बाया आहेत कामाले. अजून दहा ठेवल्या तर जेवण कवा होईल?"

मी म्हटलं, "एवढ्या बाया उभ्या कुठं राहतील? अन् भात काय बायांले भेऊन लवकर शिजते?"

सरांनी ताटावर थाप मारली, वरण उडालं. मग सांगत बसले. काम दोन तऱ्हांनी मोजतात. एक, सगळं मिळून किती काम आहे ते. दुसरं, एकामागून एक करावंच लागेल अशी सर्वांत लांब साखळी कोणती ते. तांदूळ निवडल्याशिवाय धुता येत नाहीत, धुतल्याशिवाय शिजवता येत नाहीत, शिजल्याशिवाय वाढता येत नाहीत. दहा बाया लावा नाहीतर शंभर, या साखळीपेक्षा लवकर जेवण होणार नाही. "मोठमोठ्या पुस्तकांत हेच गणित आहे, मावशी, फक्त त्यांच्यात भात नाही." आणि मग आवाज खाली आणून, जशी काही चोरी सांगतात तसं, "पण पुस्तकवाले एक गोष्ट इसरतात. काम सगळेच मोजतात. थांबणं कोणी मोजत नाही."

हे त्यांचं पालुपद होतं. थांबणं कोणी मोजत नाही.

थांबणं म्हणजे काय ते मला आमच्या नळानं समजावलं. खानावळीत हात धुवायला एकच नळ. दुपारी पोरांची ही झुंबड. एका पोरानं माझ्याशी कटकट केली म्हणून मी प्लंबर बोलावून शेजारी दुसरा नळ लावून घेतला. मोठ्या ऐटीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ सोडले तर दोन्हीतून करंगळीएवढी धार. पोरं ओरडायला लागली, मी प्लंबरच्या नावानं ओरडायला लागले, आणि सर मात्र उष्ट्या हातानं नळापाशी उभे राहून नाचायचे बाकी होते.

"मावशी, हेच! हेच ते! नळ वाढवले, वरून येणारा पाइप तोच! कोअर आठ करा नाहीतर सोळा, मेमरीतून सामान आणाचा रस्ता एकच. मंग सगळे नळ थांबून राहतात."

"मले नळाचे पैसे गेले त्याचं दुःख आहे, अन् तुमी हसून राहिले."

"हसून नाही राहिलो जी. तुमचा नळ मी थीसिसमध्ये टाकतो."

टाकला की नाही ठाऊक नाही. पण त्यांच्या मॉडेलचा गाभा तोच होता. गावच्या तलावाला पाणी सोडायचं जे भोक असतं त्याला आपल्याकडं तुडूम म्हणतात. सर म्हणायचे, मेमरी म्हणजे तलाव, कोअर म्हणजे बांध्या, धानाची खाचरं, आणि मधे एक तुडूम. बांध्या जितक्या वाढतील तितकं तुडूमापाशी थांबणं वाढेल, आणि ते कसं वाढेल याचं त्यांनी एक सूत्र बसवलं होतं. वर्गातही तेच सांगायचे, म्हणून पोरांनी नाव पाडलं तुडूम सर. सरांना ते माहीत होतं. एकदा एक पोरगं चुकून तोंडावरच म्हणालं, "तुडूम सर, डाळ सरकवा ना." सरांनी डाळ सरकवली आणि म्हणाले, "बघा, थांबावं लागलं का नाही?"

त्यांच्या तासाची नक्कल पोरं माझ्याकडं बसून करत. सर सांगत होते म्हणे, पुस्तकात एक मशीन असते. तिच्यात पाहिजे तेवढे कामगार, सगळ्यांसाठी मिळून एकच पेटी, आणि सगळे एकाच क्षणी पेटीत हात घालतात तरी कोणाचा धक्का कोणाला लागत नाही. जेवढा विचार झाला आहे तो पहिल्यांदा या मशीनवर झाला आहे. एका पोरानं विचारलं, "सर, अशी मशीन कुठं मिळते?"

"कुठंच नाही मिळत. कोणी बनवलीच नाही."

"मंग शिकून कायले राहिलो आपण?"

"कारण की ती कुठंच नाही, म्हणून तिच्यावर साफ विचार करता येते. थे साफ विचार हातात आला का मंग खऱ्या मशीनकडं याचं. तिथं धक्के लागतात."

पोरगं म्हणालं, "सर, यावर जॉब हाय काय?"

सर म्हणाले, "आहे ना. मी करून राहिलो ना." यावर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले तिवारी सर डोकावून गेले. तिवारी सर म्हणजे त्यांच्याच खात्यातले, माझ्याकडंच जेवायचे, मनाचे वाईट नाहीत पण जिभेला हाड नाही. ते रोज विचारायचे, "क्यों कापगते, तेरी पीएचडी पहले होगी कि मेरा रिटायरमेंट?" सर म्हणायचे, "दोनों एक साथ, सर. पैरेलल में." हे रोजचं होतं. रोज दोघं हसायचे.

एका वर्षी, धानाला शेवटचं पाणी सोडतात तेव्हा, सरांनी चार पोरं गावाला नेली, तलाव दाखवायला. कॉलेजनं गाडी दिली नाही. ऑटो केला, डबे माझ्याकडून घेतले आणि म्हणाले, मावशी, तुमीच चला ना, एकाद रोज बाहेर. मी गेले. पोरांनी तलावाच्या पाळीवर फोटो काढले, बोरं शोधली, एकानं चप्पल पाण्यात घालवली. सर मात्र पाळीवरून उतरून बांधीबांधीनं पुढं जात होते आणि मागं कोणी येतंय की नाही हे न पाहता सांगत होते. पाणी या बांधीत भरलं की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून त्या बांधीत, मग पुढच्या. मागं मी एकटीच होते.

त्यांचे वडील धुऱ्यावर बसले होते, बिडी विझवून कानावर ठेवून. मला म्हणाले, "बसा बाई. याचं आयकत बसान तं संध्याकाळ होईल." आणि मग, "आमची बांधी नहराच्या पार टोकावर. वरच्याईचं झाल्याबिगर आमाले पाणी भेटत नोयतं. हा लहान होता तवा इथंच बसून राहे, पाणी आलं का नाही पाहाले. शाळेची पुस्तकं धुऱ्यावर वाचली यानं. आता कॉम्प्युटरात बी याले तेच दिसून रायलं."

मी हसले. सरही ऐकून हसले. म्हातारा हसला नाही, मला तेवढं आठवतं.

आता मे महिन्याकडं येते, कारण सगळं तिथंच झालं.

मॉडेल कागदावर मांडून चालत नाही. खऱ्या मशीनवर काम चालवून मापं घ्यावी लागतात आणि ती सूत्राशी जुळली पाहिजेत. कॉलेजच्या लॅबमध्ये आठ कोअरच्या नव्या मशीन आल्या होत्या. पण जून ते एप्रिल तिथं पोरांची प्रॅक्टिकलं, ऑनलाइन परीक्षा, कोणाकोणाचं ट्रेनिंग. मशीन मोकळ्या मिळायच्या त्या फक्त मेमध्ये. लॅब सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली. एसी होता तो प्रिन्सिपॉलच्या खोलीत. लॅबच्या कूलरची मोटर जळालेली, तिची मागणी लिहून दिलेली, आणि ती मागणी कुठंतरी वाटेतच. ज्यांनी मे महिन्यातलं गोंदिया पाहिलं नाही त्यांना काय सांगू? नळाच्या पाण्यात आंघोळीसाठी विसण घ्यावं लागतं. तशात सर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून दिवसभर वर बसत. दुपारी जेवायला उतरायचे तेव्हा चेहरा तापलेल्या तव्यासारखा. मी आधी कांदा आणि ताक पुढं ठेवायची, मगच ताट.

असे किती उन्हाळे गेले ते मोजत नाही. पहिल्या उन्हाळ्यात प्रोग्रामच नीट चालले नाहीत. मग एकदा लाइट जाऊन मापं गेली. आणि मग एका दुपारी सर जिना उतरून धावत आले. धावत, त्या उन्हात. चपला वरच राहिल्या होत्या, डांबरावरून अनवाणी आले होते.

"मावशी, रेघ वाकली!"

मी घाबरले. मला वाटलं वर काही कोसळलं. त्यांनी चौकोन आखलेला आलेखाचा कागद माझ्या पोळपाटावर, पिठावरच ठेवला. खाली एक कोअर, दोन, तीन, असे आकडे. वर वेग. पेन्सिलीची रेघ सरळ चढत गेली होती आणि पुढं जाऊन अशी वाकली होती, जसं ओंबी भरलेलं धान वाकतं.

"सगळ्याईले वाटते का रेघ सरळ जाईल. मी म्हटलं होतं वाकेल. इथं वाकेल म्हटलं होतं, इथंच वाकली! हे थांबणं आहे, मावशी. तुडूमापाशी थांबून राहिले सगळे. दिसून राहिलं का तुमाले?"

मला दिसलं. न समजताही दिसलं. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना बालूशाही खाऊ घातली आणि तिवारी सरांनी पहिल्यांदा टोमणा मारला नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा मापं घेतली, पुन्हा रेघ तिथंच वाकली. त्यांनी पूर्ण थीसिस लिहून काढली. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी मुलगीसुद्धा पाहून ठेवली होती, आमगावची.

नागपूरला विद्यापीठात थीसिस जमा करायच्या आधी सर्वांसमोर मांडावी लागते. सर नवा शर्ट घालून पहाटेच्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी जेवायला आले, बसले, जेवले आणि ताट उचलून ठेवलं. घास वाळला नाही. मी म्हटलं, "सर, बरं नाही काय?"

तेव्हा सांगितलं. सगळं छान झालं होतं. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, वयस्क, हळू बोलणाऱ्या. त्यांनी रेघ बराच वेळ पाहिली. मग एकच विचारलं, "ही मापं कोणत्या महिन्यात घेतली, सर?"

"मेमध्ये, मॅडम. लॅब तेव्हाच मोकळी राहते."

"लॅबला एसी आहे?"

"नाही, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. "एकदा थंड जागी घेऊन बघा," एवढंच म्हणाल्या आणि चहा घ्यायला गेल्या. बाकीच्यांना तर त्या काय विचारून गेल्या हेही कळलं नाही. त्यांच्या गाइड सरांनी पाठ थोपटली. पण कापगते सरांना कळलं होतं. नागपूर ते गोंदिया सगळ्या प्रवासात त्यांना कळत होतं.

तेव्हा भादव्याचं ऊन तापत होतं. थंडीपर्यंत थांबणं त्यांच्यानं झालं नसतं. रविवारी मला म्हणाले, "मावशी, खानावळीतला कूलर दुपारपर्यंत देता का? पाणी नका टाकू त्याच्यात. नुसती हवा पायजे." मी ऑटोत कूलर टाकला आणि सोबत गेले. कूलर माझा होता, आणि सरांचा चेहराही मला ठीक दिसत नव्हता.

लॅबमध्ये आम्ही दोघंच. सरांनी एका मशीनचा बाजूचा पत्रा उघडला. आत लहानसा पंखा असतो तो मला दिसलाच नाही, कारण त्याच्यावर करड्या रंगाचा गालिचा बसला होता.

"हे काय जी?"

"राख," सर म्हणाले. "कोंड्याची."

आमच्या मागच्या मिलांत धानाचा कोंडा जाळतात. त्याची राख वाऱ्यावर सगळीकडं येते, माझ्या वाळवणावर रोज येते. ती तिथंही गेली होती. सरांनी जुन्या टूथब्रशनं पंखा साफ केला. अगदी हळू, दागिना साफ करावा तसा. मग मी कूलर लावला, तोंड मशीनच्या उघड्या पोटाकडं, आणि सरांनी काम चालवायला सुरुवात केली. आधी एक कोअर. कागदावर ठिपका. मग दोन, मग तीन. खिशातली पट्टी काढून ठिपके जोडत गेले. मी स्टुलावर बसून पाहत होते. ठिपका वर, अजून वर. जिथं रेघ वाकायची ती जागा आली. ठिपका वर. शेवटचा, सगळे कोअर मिळून, तोही वरच. रेघ पट्टीसारखी सरळ गेली.

मला खरंच आनंद झाला हो. मी टाळी वाजवून म्हटलं, "सरळ आली जी, सर! एकदम सरळ!"

सर खुर्चीत बसले आणि अगदी हळू, मला समजावं म्हणून सोपं करून, म्हणाले, "सरळ आली, मावशी. म्हणून तं सगळं गेलं."

कूलरची घरघर चालू होती. ते बोलत होते. "एकटा कोअर काम करते तवा मशीन तापत नाही. सगळे मिळून करू लागले का तापते. अन् तापली का, जळू नये म्हणून, सगळेच आपोआप धिमे होतात. मी समजलो थे तुडूमापाशी थांबून राहिले. कोणी थांबलंच नोयतं. गरम होऊन राहिलं होतं त्याईले. बस."

मी म्हटलं, "पण मोठ्या मशीनवर वाकत असन ना? तुमीच म्हणता, रस्ता एकच असते."

"वाकत असन. पण कुठं अन् किती, हे माझं सूत्र सांगत नाही. त्याच्यातले आकडे मी याच मशीनवर, मे महिन्यातच बसवले होते. माझं सूत्र गोंद्याचा मे महिना सांगते." ते हसले. मला ते हसू सहन झालं नाही. "बाबा बरोबर म्हणे. आमी टोकावरचे. मले जिथं तिथं पाण्याचीच वाट पाहणारे दिसले."

मग उठून स्वतःच कूलरचं बटण बंद केलं. म्हणाले, "चला, ऑटोवाला थांबला आहे."

यानंतर लोकांनी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला, तोही सांगितला पाहिजे. नागपूरच्या गाइड सरांनी फोनवर सांगितलं, महिन्याचा उल्लेख काढून टाका, त्या मॅडम पुन्हा येणार नाहीत, परीक्षक दुसरा लागेल. तिवारी सर तर माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "अरे कापगते, सबकी थीसिस में कहीं न कहीं मई का महीना होता है. जमा कर दे यार." मीसुद्धा म्हटलं. देवाशपथ, म्हटलं. माझ्या डोक्यात आमगावची मुलगी होती.

सर रागावले नाहीत, भाषण दिलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं हे जसं सांगायचे तसं म्हणाले, "नाही जमत जी. त्या रेघेकडं पाहिलं का मले आता राखच दिसते."

थीसिस जमा केली नाही. नव्यानं करायची तर मोठी मशीन पाहिजे, थंड खोली पाहिजे, वर्षभर पाहिजे. त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. कोणी उत्तर दिलं नाही, एकानं दिलं ते नाही असं दिलं. विद्यापीठानं घालून दिलेली मुदत संपली. मी रोज वाट पाहत होते की सर एखाद्या दिवशी उष्ट्या हातानं उठून म्हणतील, मावशी, आता कळलं! ते यायचे, जेवायचे, भाजी चांगली झाली म्हणायचे. पोरं म्हणत, सर आता पुस्तकात आहे तेवढंच शिकवतात, एकदम टू द पॉइंट. पोरांना ते आवडत होतं.

पुढच्या मेमध्ये एका दुपारी त्यांना कॉलेजच्या जिन्यावर पाहिलं. लॅबची किल्ली हातात होती. वर गेले नाहीत. अर्ध्या जिन्यात उभे राहून खाली आले, शिपायाला किल्ली दिली. मी हाक मारणार होते, पण मारून सांगायचं काय? की या, ताक प्या?

मग त्यांचा विषय अभ्यासक्रमातून निघाला. त्याच्या जागी पोरांना पाहिजे असलेला काही नवा आला. जूनमध्ये त्यांची ऑर्डर आली नाही. कोणी काढलं असंही नाही, नुसती आली नाही. ते हिशेब चुकता करायला आले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, नाही मावशी, राहिलं का राहूनच जाते. गावाकडं गेले. त्यांचे वडील त्याच हिवाळ्यात वारले, हे तिवारी सरांकडून कळलं. टोमण्याशिवाय सांगितलं त्यांनी.

मीही गुडघ्यांमुळं खानावळ बंद केली. मागच्या वर्षी भाचीच्या घरच्या कार्याला तांदूळ पाहिजे होता म्हणून एका मिलमध्ये गेले. मालकाच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं मला. काचेपलीकडं रंगावरून दाणे निवडणारी मोठी मशीन चालू होती. काळा, पिवळा दाणा आला की ती हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवते. तिच्या पडद्यासमोर नाकातोंडाला रुमाल बांधून एक माणूस उभा होता. पाठीवरूनच ओळखलं.

मालक म्हणाला, "मास्टर को जानती हो, अम्मा? एक नंबर आदमी है. मुँह ही नहीं खोलता. काम से काम."

मी म्हटलं, "कोण? कापगते सर?"

"हाँ, वही. पहले कहीं पढ़ाते थे शायद."

त्यानं हाक मारली. सर बाहेर आले, रुमाल खाली ओढला. केस पांढरे झाले होते, की ती राख होती, सांगता आलं नाही. वाकून नमस्कार केला. गुडघे कसे आहेत विचारलं, भाचीचं विचारलं, कोणता तांदूळ घ्यावा ते सांगितलं. सगळं नीट, थोडक्यात. मी मध्येमध्ये थांबत होते, त्यांना बोलायला जागा ठेवत होते. ते त्या जागेत काही टाकत नव्हते.

शेवटी मीच म्हटलं, "सर, ही मशीन तं मोठीच आहे जी. एकाच वेळी किती दाणे पाहते?"

"लई पाहते. प्रत्येक नळीवर वेगळा कॅमेरा आहे."

"असं?" मला हुरूप आला. "मंग नळ्या दुप्पट केल्या तर काम दुप्पट लवकर होईल काय?"

मुद्दाम विचारलं मी. एकेकाळी या एका प्रश्नावर त्यांचा घास संध्याकाळपर्यंत हातात राहिला असता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम विचारलं हे त्यांना कळलं असावं, कारण चेहरा मऊ झाला. आत मशीनवरून कोणीतरी "मास्टर!" म्हणून ओरडलं.

"कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे तेवढं होते, मावशी," ते म्हणाले, आणि रुमाल नाकावर ओढून आत गेले.